पहिली कादंबरी: नागपुरातून लिहिणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी

सीताबर्डीला एखाद्या पुस्तकाचं प्रकाशन आटोपतं, चहा-समोसा सुरू होतो आणि एक तरुण हळूच कडेला येऊन विचारतो, “सर, कादंबरी लिहून राहिलो. प्रकाशक कोणता बरा?” किती लिहून झाली असं विचारलं की कळतं, चार प्रकरणं झालीत, मुखपृष्ठ मात्र पक्कं ठरलंय. असे तरुण, आणि निवृत्तीनंतर लिहायला बसलेले काकाही, नागपुरात दर कार्यक्रमाला भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी.

पुस्तक छापून घेणं आजच्याइतकं सोपं कधीच नव्हतं. फाइल द्या, पैसे द्या, महिना-दोन महिन्यांत गठ्ठे दारात येतात. म्हणून प्रकाशकाची चिंता सगळ्यात शेवटी करा. पहिलं वर्षभर चिंता करायची ती खर्ड्याची. खर्डा हातावेगळा झाला की मग खिसा आणि हक्क सांभाळायचे. याच क्रमानं सांगतो.

आधी एक पान

कादंबरी सुरू करण्याआधी एका पानावर एवढंच लिहा: गोष्ट कोणाची, ती कोणत्या दिवशी सुरू होते, कोणत्या दिवशी संपते, आणि या दोन दिवसांत त्या माणसाच्या हातून काय सुटतं किंवा त्याला काय मिळतं. ‘समाजातील वास्तवाचं चित्रण’ असं काही लिहावंसं वाटलं तर ते खोडून टाका. ते समीक्षकाचं काम आहे, त्याचं त्याला करू द्या.

लांबीचा अंदाज असलेला बरा. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या छापील पानावर साधारण अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. म्हणजे साठ हजार शब्दांची कादंबरी २२० ते २४० पानांची होते. पहिल्या कादंबरीला चाळीस ते सत्तर हजार शब्द पुष्कळ झाले. सव्वा लाख शब्दांचा खर्डा घेऊन नवा लेखक आला की प्रकाशक आधी कागदाचा हिशेब करतो.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. कळमन्याचा संत्र्याचा बाजार, बुटीबोरीची रात्रपाळी, कोराडीच्या वीजकेंद्राच्या आसऱ्यानं वाढलेली गावं, डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन आणि त्यावर निघणारे मोर्चे: हे सगळं आपल्याला बसच्या तिकिटात बघायला मिळतं. पण बघायला जावं लागतं. मारबतीचंच घ्या, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायच्या पुतळ्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी. एवढं दरवर्षी पेपरात छापून येतं. तेवढ्यावर प्रकरण उभं केलं तर ते बातमीसारखंच वाचलं जाईल. कादंबरीला पुतळा बांधणारा माणूस लागतो. त्याला मजुरी कोण देतं, बांबू कुठून येतो, चेहरा रंगवायचं काम घरात कोणाकडे असतं, मिरवणुकीच्या दिवशी त्या घरची चूल कधी पेटते, आणि इतके दिवस खपून बांधलेला पुतळा जळताना तो कुठे उभा असतो. हे विचारायला मिरवणुकीच्या दिवशी जाऊ नका, कोणाला बोलायला सवड नसते. महिनाभर आधी जा, दोन-तीनदा जा. पहिल्या भेटीत फोनचं रेकॉर्डिंग सुरू करू नका. माणूस भाषण द्यायला लागतो.

यासोबत तारखांची एक वही ठेवा. डाव्या पानावर गोष्टीतल्या घटना, उजव्या पानावर शहरातल्या. तुमचं पात्र १९५५ साली नागपुरात सरकारी नोकरीत असेल तर ते मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीत आहे; महाराष्ट्र राज्य १९६० साली झालं. २०१५ सालची नायिका मेट्रोनं कॉलेजला जाऊ शकत नाही, कारण मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि आज त्या जागी मॉल आहे, तेव्हा भोंगा नक्की कोणत्या सालापर्यंत वाजवायचा ते आधी शोधून घ्या. नागपूरचा वाचक या गोष्टी लगेच पकडतो, आणि एकदा पकडलं की पुढची दीडशे पानं तो चुका शोधण्यासाठीच वाचतो.

रोजचं लिहिणं

रोज पाचशे शब्द लिहिले तर साठ हजार शब्द चार महिन्यांत होतात. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, ऑफिसचा मार्चएंड धरून त्याचे आठ महिने समजा. वेळ एकच ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर बसून फक्त झोप येते, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पहाटेची वेळ पकडलेली बरी. घरात जागा नसेल तर वाचनालयात बसा. स्पर्धा परीक्षावाल्यांच्या गर्दीत एखादी खुर्ची मिळते, आणि सगळे मान खाली घालून बसलेले असले की आपणही बसतो.

पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागे वळून पहिलं प्रकरण दुरुस्त करायचं नाही. दुरुस्ती सुचली तर वहीत टिपून ठेवा आणि पुढे चला. बहुतेक अर्धवट कादंबऱ्या पहिल्या तीन प्रकरणांतच अडकून असतात: ती तीन दहादा लिहिलेली, चौथं कधी आलंच नाही. आणि लिहिता लिहिता प्रकरणं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे “अप्रतिम सर” असे पंधरा अंगठे येतात आणि लिहिण्याची निकड तिथेच संपते.

प्रसंग लिहा, निकाल देऊ नका

नव्या लेखकांच्या खर्ड्यात मला सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे लेखक प्रसंग घडू द्यायच्या आधीच त्याचा निकाल सांगून टाकतो. उदाहरणार्थ:

‘मिल बंद झाल्यामुळे सुधाकरचे जीवन उद्ध्वस्त झाले होते. तो अतिशय दुःखी आणि निराश झाला होता. घरची परिस्थिती हलाखीची होती.’

तीन वाक्यं झाली, पण आपल्याला सुधाकर दिसला नाही. हेच असं लिहून बघा:

‘मिल बंद होऊन महिना झाला तरी सुधाकर पहाटे साडेपाचला सायकल काढायचा. चाळीतून घंटी वाजवत जायचा, गांधीसागरावर बसून राहायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचा. डबा बायको भरून द्यायची. फक्त आता त्यात तीनऐवजी दोन पोळ्या असायच्या.’

इथे ‘दुःखी’ हा शब्द नाही, ‘हलाखी’ही नाही. बायकोला सगळं ठाऊक आहे, हे सुधाकरला आणि वाचकाला एकाच वेळी कळतं, तेही पोळ्यांच्या मोजणीतून. असा तपशील खुर्चीत बसून क्वचितच सुचतो. तो कोणाच्या तरी घरी पाहिलेला, ऐकलेला असतो. पहिला खर्डा संपल्यावर लाल पेन घेऊन ‘अतिशय’, ‘खूप’, ‘भावनाविवश’, ‘अंतःकरण’, ‘नकळत डोळे पाणावले’ हे सगळं गोल करा. प्रत्येक गोलाच्या जागी काय घडलं असतं ते लिहा. घडण्यासारखं काहीच सापडलं नाही तर ते वाक्य गेलेलं बरं.

बोली: सगळ्यात जास्त घोळ इथेच

नागपूरच्या लेखकापुढे एक प्रश्न उभा असतो, जो पुण्याच्या लेखकाला पडत नाही. आपल्या घरात, रस्त्यावर, कचेरीत जे बोललं जातं ते कागदावर कितपत आणायचं? “काय करून राहिला बे?” हे “काय करतो आहेस रे?” असं लिहिलं की तो माणूस पंचशील चौकातून उठून सदाशिव पेठेत जाऊन बसतो. दुसऱ्या टोकाला काही लेखक प्रत्येक शब्द इतका वाकवतात की अकोल्याच्या वाचकालाही दोनदा वाचावं लागतं.

माझं मत असं: संवाद पूर्ण बोलीत, निवेदन ज्याच्या नजरेतून आहे त्याच्या भाषेत. निवेदक शिकलेला, शहरात राहिलेला असेल तर निवेदन प्रमाण मराठीत असू द्या, पण नागपुरी वाक्यरचना अधूनमधून आत येऊ द्या. निवेदक स्वतःच ‘मी’ म्हणून बोलत असेल आणि तो उमरेडचा शेतकरी असेल, तर प्रमाण मराठी त्याच्या तोंडी खोटी वाटेल.

त्यातही ‘वैदर्भी बोली’ नावाची एकच बोली नाही, हे लक्षात असू द्या. अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी, आणि नागपूर शहराची भाषा या दोन्हींच्या मधे, वर हिंदीचा भरपूर तडका. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो. तोच ‘डोया’ धरमपेठेतल्या वकिलाच्या तोंडी घातलात तर वाचक हसेल. तो वकील प्रमाण मराठीच बोलतो, फक्त “मी येऊन राहिलो” म्हणतो आणि तेवढ्यात पकडला जातो. इतवारीतला दुकानदार गिऱ्हाइकाशी हिंदी, मुलाशी मराठी आणि फोनवर दोन्हींचं मिश्रण बोलतो. त्याच्या मुलाचं बोलणं ऐका:

“बाबा, गाडीची चाबी कुठी ठेवली?”
“काहून? कुठं चालला?”
“इथंच, चौकात. आलोच दहा मिनटात.”
“तुह्ये दहा मिनटं मले माहीत हायेत. राहू दे, पायी जा.”

‘काहून’, ‘मले’, ‘तुह्ये’, ‘कुठी’ एवढ्यानं काम झालं. एक साधा उपाय करा. प्रत्येक मुख्य पात्रासाठी अर्धं पान राखून ठेवा आणि त्यावर लिहा: तो ‘मला’ म्हणतो की ‘मले’, ‘आहे’ की ‘हाय’, ‘पाणी’ की ‘पानी’, ‘अरे’ की ‘बे’, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना यातलं काय बदलतं. एकदा ठरलं की शेवटच्या पानापर्यंत तेच. प्रकरण दोनमध्ये ‘मले’ आणि प्रकरण नऊमध्ये ‘मला’ दिसलं की संपादकाला वाटतं लेखकाचा कान कच्चा आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

पुस्तकाच्या शेवटी बोलीतल्या शब्दांचे अर्थ द्यावेत का? प्रकाशक कधीकधी मागतात. देऊ नये असं मला वाटतं. शब्दाचा अर्थ वाक्यातून कळत नसेल तर दुरुस्ती वाक्यात करावी.

टंकलेखन

कंटाळवाणा भाग, पण इथेच वेळ वाया जातो. थेट युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि फोनवर वाचता येईल अशा देवनागरीत टाइप करा; कीबोर्ड इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, जो जमेल तो. फोनवर बोलून टाइप केलेलं चालतं, मात्र विरामचिन्हं आणि अनुस्वार नंतर हातानं तपासावे लागतात. अनेक छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात. तुमची युनिकोड फाइल त्यात बदलून घेताना काही अक्षरं हमखास तुटतात: ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र, ‘ॲ’, ‘ऑ’, आणि अवतरणचिन्हं. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, हाती आलं की सगळ्यात आधी हेच शब्द शोधा. फाइलीची एक प्रत रोज स्वतःला मेल करत जा.

शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये आलेले चार. दोन संध्याकाळी वाचून होतात. निवेदनाला ते लावा. बोलीतल्या संवादांना लावू नका, आणि तसं प्रूफ वाचणाऱ्याला लिहून कळवा. नाहीतर तो बिचारा मन लावून तुमचं सगळं ‘पानी’ ‘पाणी’ करून ठेवतो.

दुसरा खर्डा आणि तीन वाचक

पहिला खर्डा झाला की महिनाभर तो उघडायचा नाही. नंतर कागदावर प्रिंट काढून, शक्यतो दोन-तीन दिवसांत, सलग वाचा. संवाद मोठ्यानं वाचा. जिथे तुम्हालाच पानं उलटावीशी वाटतील तिथे खूण करा.

मग तीन वाचक निवडा. एक भरपूर कादंबऱ्या वाचणारा, पण स्वतः न लिहिणारा. दुसरा तुमच्या विषयातला जाणकार: गोष्ट कापड मिलची असेल तर मिलमध्ये काम केलेला माणूस. तिसरा असा, जो तुम्हाला तोंडावर “हे बोर झालं” म्हणू शकतो. बायको, नवरा, आई यांना या यादीत घेऊ नका. त्यांना एकतर सगळं आवडतं किंवा त्यातलं एखादं पात्र आपल्यावर बेतलंय अशी शंका येते आणि घरात वेगळंच सुरू होतं. वाचकांना “कशी वाटली?” विचारू नका. विचारा: कुठे वाचन थांबवलं? कोणतं पात्र लक्षात राहिलं नाही? कुठे काय चाललंय ते कळलं नाही? तिघांपैकी दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बहुधा चुकीचा असतो. तो तुम्हालाच शोधावा लागतो.

कादंबरीआधी थोडं छापून यावं

नाव अगदी अनोळखी असेल तर कादंबरीच्या खर्ड्याला उशिरा हात लागतो. म्हणून त्याच दरम्यान दोन-तीन कथा पाठवत राहा. कादंबरीतलं एखादं प्रकरण स्वतंत्र उभं राहत असेल तर तेही चालेल. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आहेत, आणि दिवाळी अंक आहेतच. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला सगळ्यात मोठं दार तेच आहे. दिवाळी अंकाला मजकूर गणपती झाल्यावर पाठवून उपयोग नाही. जून-जुलैमध्ये गेला पाहिजे. काही अंक लघुकादंबरीही छापतात.

विदर्भ साहित्य संघ ही १९२३ साली स्थापन झालेली संस्था आहे. झाशी राणी चौकातल्या तिच्या कार्यक्रमांना जात राहा. भाषणांपेक्षा नंतरच्या गप्पांतून जास्त कळतं: कोणता प्रकाशक वेळेवर हिशेब देतो, कोण फोन उचलत नाही. ही माहिती कोणी लिहून देत नाही.

प्रकाशकाकडे जाताना

आपल्या कपाटातली गेल्या पाच-सात वर्षांतली आवडलेली मराठी पुस्तकं काढा आणि त्यांच्या प्रकाशकांची यादी करा. तुमच्या कादंबरीच्या जवळ जाणारं कोण काय छापतं ते बघा. बालसाहित्य आणि पाठ्यपुस्तकं काढणाऱ्याला कादंबरी पाठवून दोघांचाही वेळ जातो. नागपूरचा प्रकाशक की पुण्या-मुंबईचा, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नागपूरच्या प्रकाशकाकडे तुम्ही प्रत्यक्ष जाऊ शकता, प्रूफं समोर बसून बघता येतात, विदर्भातल्या ग्रंथालयांत पुस्तक पोहोचतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाचं वितरण राज्यभर असतं, पण रांगही तेवढीच लांब. आधी वरच्या दोन-तीन नावांना विचारावं आणि मग खाली यावं, असं मी सांगतो. उलट क्रमानं जाता येत नाही.

पत्र छोटं असावं. एक पान, त्यात एवढंच:

‘मा. संपादक, सप्रेम नमस्कार. मी नागपूरला राहतो, वीज कंपनीत नोकरी करतो. ‘राख’ ही माझी पहिली कादंबरी, सुमारे ५८ हजार शब्दांची, पूर्ण झाली आहे. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकाठच्या एका गावात १९९० ते २००५ या काळात ती घडते. शेत गेलेल्या बापाची नोकरी कोणत्या मुलाला द्यायची यावरून तुटलेलं घर हा तिचा गाभा. माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. सोबत सारांश आणि पहिली तीन प्रकरणं जोडत आहे. संपूर्ण हस्तलिखित मागवल्यास पाठवीन.’

‘ही कादंबरी मराठी साहित्यात मैलाचा दगड ठरेल’ असं लिहू नका. संपादकाच्या टेबलावर मैलाच्या दगडांचा ढीग असतो. पाठवलेल्या तारखेची नोंद ठेवा. तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारा, सहा महिन्यांनी पुन्हा. उत्तर नाही आलं तर पुढच्याकडे जा, पण आधीच्याला तसं कळवून.

पैसे कोण कोणाला देणार?

हा प्रश्न पहिल्याच भेटीत, लाज न बाळगता विचारा. व्यवहाराचे प्रकार तीन. प्रकाशक स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढतो आणि तुम्हाला मानधन देतो. किंवा खर्च तुम्ही करता, प्रकाशकाचं फक्त नाव असतं. किंवा प्रकाशक पैसे मागत नाही, पण “दोनशे प्रती तुम्ही विकत घ्या” म्हणतो. हा दुसऱ्याचाच सभ्य अवतार.

पैसे देऊन पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण ते प्रकाशन आहे की छपाई, हे स्वतःशी स्पष्ट असावं. पैसे तुमचेच असतील तर प्रती तुमच्या, हक्क तुमचे आणि हिशेबही तुमचाच असला पाहिजे. पैसेही द्यायचे आणि वर दहा टक्के मानधनावर समाधान मानायचं, असले करार नागपुरात मी वाचलेत.

पहिल्या प्रकारात किती मिळतं ते बघा. किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, मानधन छापील किमतीच्या १० टक्के. सगळ्या प्रती संपल्या तर १५,००० रुपये. सगळ्या संपायला तीन-चार वर्षंही लागू शकतात. आणि टक्केवारी छापील किमतीवर नसून वितरकाची सूट वजा करून आलेल्या रकमेवर असेल, तर ४० टक्के सूट धरता १५,००० चे ९,००० होतात. करारात ‘किमतीवर’ की ‘विक्रीच्या रकमेवर’, हा शब्द शोधा. नोकरी सोडायचा बेत असेल तर हा परिच्छेद घरच्यांना वाचून दाखवा.

करार

तोंडी कराराला अर्थ नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनंच दिले जातात. लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो, म्हणजे सही तुमची असली तरी भोगणारी तुमची नातवंडं असतात.

करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ हे वाक्य आलं तर तिथेच थांबा. हक्क फक्त मराठी छापील आवृत्तीचे द्या, मुदत लिहा, आणि आवृत्ती किती प्रतींची तेही लिहा. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेगळं काही ठरलं नसेल आणि प्रकाशकानं वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर ते परत तुमच्याकडे येतात. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, नाटक, चित्रपट-वेबमालिका हे प्रत्येक वेगळं कलम असावं. ज्याच्याकडे ऑडिओ करायची सोय नाही त्याला ऑडिओचे हक्क कशाला? वर्षातून एकदा, मार्चअखेर, लेखी हिशेब मिळेल हे वाक्य घालून घ्या. हजार-दोन हजार रुपये देऊन वकिलाकडून करार वाचून घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पडली पाहिजे.

स्वतःच काढायचं ठरलं तर

छपाईचा भाव तीन ठिकाणी विचारा, पण तिघांना मोजमाप एकच सांगा: डेमी आकार, २४० पानं, ७० जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड कागद, ३०० जीएसएम मुखपृष्ठ मॅट लॅमिनेशनसह, बांधणी कोणती, प्रती ३००. नाहीतर तिघांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. पानं १६ च्या पटीत आली तर फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा ताव, पूर्ण बसतो. २४० म्हणजे पंधरा फॉर्म.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फुकट, आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्याला ‘कशाचे?’ असं विचारा. स्वतः प्रकाशक झालात की १९५४ च्या कायद्यानं प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवणंही तुमच्याकडे येतं.

किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत नाव घालावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. एरवी ३५ टक्के. प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या ॲपवर क्रमशः कादंबरी टाकली असेल तर याचा विचार आधी करा.

घाईनं स्वतः काढण्यापूर्वी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना मात्र बघा. ती पहिल्या पुस्तकासाठीच असते. मंडळ अर्ज मागवतं तेव्हा जाहिरात येते. तज्ज्ञांनी हस्तलिखित पसंत केलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. पदरचे पैसे घालून पुस्तक काढून बसलात की हे दार बंद.

पुस्तक आल्यावर

प्रकाशन समारंभाला सहा वक्ते नकोत. दोन पुरेत, आणि त्यातल्या एकानं तरी पुस्तक वाचलेलं असावं. त्यापेक्षा विक्रीकडे लक्ष द्या. मराठी पुस्तकांचा मोठा ग्राहक म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयं. ग्रंथालयांच्या खरेदीसाठी निघणाऱ्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक वेळेत गेलं की नाही हे प्रकाशकाला विचारत राहा. आणि दीक्षाभूमी विसरू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लोक खेड्यापाड्यांतून येऊन पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. तुमचा विषय त्या वाचकाशी बोलणारा असेल तर एखाद्या स्टॉलवाल्याशी महिनाभर आधीच ठरवा.

पुरस्कारांसाठी पंचवीसेक प्रती पहिल्या दिवशीच बाजूला काढा, कारण प्रत्येक ठिकाणी दोन-तीन लागतात. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या प्रकाशनासाठी, त्यात कादंबरीसाठीही, वेगळे पुरस्कार आहेत. विदर्भ साहित्य संघाचे वार्षिक पुरस्कार आहेत. वय ३५ पर्यंत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. त्यांच्या जाहिरातींवर वर्षभर लक्ष ठेवा आणि कोणत्या वर्षात छापलेलं पुस्तक चालतं ते नीट वाचा. उरलेल्या प्रतींतून नातेवाइकांना किती फुकट द्यायच्या हा आकडा समारंभाआधीच ठरवून टाका, आणि तो मोठ्या मावशीला सांगण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.